लाइन क्लिअर: कॅसलरॉकच्या घाटापासून संगणकाच्या किल्लीपर्यंत

कॅसलरॉक मागे पडलं की रूळ गोव्यात उतरायला लागतात. सदतीस फुटांमागे एक फूट असा उतार, बोगद्यामागून बोगदे, मध्ये दूधसागर आणि अगदी पायथ्याला कुळें. रेल्वेच्या कागदपत्रांत हा ब्रागांझा घाट. मार्ग एकेरी. वरून सुटलेली गाडी आणि खालून चढणारी गाडी एकाच वेळी दोन स्टेशनांच्या मधल्या तुकड्यात शिरल्या, तर पुढे काय होईल हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. घाटात जड गाडी उभी करायलाच मुळात बराच वेळ आणि बरीच जागा लागते.

आता वरच्या स्टेशन मास्तराची अडचण बघा. खालचं स्टेशन त्याला दिसत नाही. मधलं जंगल, पावसाळ्यातलं धुकं आणि वळणं यांच्या पलीकडे कुणीतरी बसलं आहे, तो तारेवरून ‘सोडा’ म्हणतो आणि त्या शब्दावर शेकडो माणसांची गाडी उतारावर सोडायची आहे. ‘सोडा’ म्हणणारा खरंच तिथला मास्तर आहे का? त्याने ते याच गाडीबद्दल म्हटलं का? की कालचाच निरोप आज कुणी पुन्हा वाचला?

पुण्यातल्या घरी बसून बेळगावच्या कचेरीतला सर्व्हर दुरुस्त करणाऱ्या माणसापुढे आणि त्या सर्व्हरपुढेही नेमके हेच प्रश्न असतात. आज त्यांचं उत्तर एसएसएच नावाच्या व्यवस्थेने आणि पासवर्डऐवजी वापरायच्या किल्लीने दिलं जातं. संगणकाच्या पुस्तकांत या किल्लीची वंशावळ १९७० च्या दशकात, गणिताच्या विभागात सुरू होते. मला ती त्याहून शंभर वर्षं मागे, रेल्वेच्या केबिनमध्ये सुरू होताना दिसते. गणितज्ञांनी रेल्वेकडून उसनं काही घेतलं असा माझा दावा नाही. पण प्रश्न एकच होता, आणि मास्तरांनी त्याची जी उत्तरं शोधली त्यांतली काही आजही आपल्यापेक्षा शहाणी आहेत.

अगदी पहिलं उत्तर साधं होतं: काठी. एकेरी मार्गाच्या एका तुकड्याला एकच काठी. ती ज्या ड्रायव्हरच्या हातात तोच त्या तुकड्यात जाणार. काठी एकच म्हटल्यावर गाडीही एकच. यात तार लागत नाही आणि पलीकडच्याच्या शब्दावर विश्वासही ठेवावा लागत नाही. अडचण एवढीच की एका दिशेने लागोपाठ दोन गाड्या सोडायच्या असतील तर काठी पलीकडे जाऊन बसते. त्यावर तोडगा निघाला तो फार सुरेख होता. पहिल्या ड्रायव्हरला काठी दाखवायची आणि हातात कागदी तिकीट द्यायचं. काठी शेवटच्या गाडीबरोबर जाणार. ही तिकिटं कुलूपबंद पेटीत असत आणि त्या कुलपाची किल्ली काठीलाच जडवलेली असे. काठी तुमच्याकडे नसेल तर पेटी उघडत नाही. पेटी उघडली नाही तर तिकीट नाही. मूळ अधिकार एका जागी आणि त्यातून निघणारे छोटे, मर्यादित, एका फेरीपुरते अधिकार वेगळे. ही मांडणी लक्षात ठेवा, ती पुढे बॉस्टनजवळ पुन्हा भेटणार आहे.

मग तार आली आणि लोकांना वाटलं की आता काठीची कटकट संपली. विचारलं, उत्तर आलं, गाडी सोडली. १० सप्टेंबर १८७४ च्या रात्री इंग्लंडमध्ये नॉरिचजवळ थॉर्प इथे या समजुतीची किंमत मोजावी लागली. गाडी पुढे पाठवा असा एक निरोप निरीक्षकाची सही होण्याआधीच तारमास्तराने पाठवून दिला. निरीक्षकाने मात्र आपला निरोप अजून गेलाच नाही असं समजून समोरची गाडी सोडली. एकेरी मार्गावर दोन्ही गाड्या समोरासमोर आदळल्या आणि २५ माणसं गेली. तारेत बिघाड नव्हता, इंजिनात नव्हता. निरोप खरा कुणाचा आणि तो अधिकृत कधी झाला, एवढंच ठरलेलं नव्हतं. आजच्या भाषेत बोलायचं तर ही ओळख पटवण्यातली चूक होती.

त्यानंतर चारच वर्षांत, १८७८ मध्ये, एडवर्ड टायर याने काठी आणि तार यांचं लग्न लावलं. दोन्ही स्टेशनांवर एकेक यंत्र, दोन्ही तारेने जोडलेली आणि त्यांत चकत्या. एका टोकाच्या मास्तराने वीज सोडल्याशिवाय दुसऱ्या टोकाला चकती निघत नाही, आणि एक चकती बाहेर असेपर्यंत कोणत्याच टोकाला दुसरी निघत नाही. भारतीय रेल्वेत याच कुळातलं नील यांच्या नावाचं बॉल टोकन यंत्र देशभर पसरलं. जुन्या पिढीतल्या बहुतेक प्रवाशांनी त्याचं फळ पाहिलेलं आहे: वेताच्या किंवा तारेच्या मोठ्या कड्याला चामड्याची पिशवी, पिशवीत पोलादी गोळा, आणि धावत्या इंजिनातून हात बाहेर काढून ते कडं खांद्यावर झेलणारा माणूस. मुलांना ती कसरत वाटायची. खरं तर तो परवाना होता. गोळ्यावर कोणत्या दोन स्टेशनांमधला तो आहे हे कोरलेलं असे आणि ड्रायव्हरने ते वाचूनच पुढे जायचं असे.

यंत्राच्या पोटात काय चालतं ते सांगण्यासारखं आहे. यंत्राच्या दांड्याला तीन जागा: लाइन क्लोज्ड, ट्रेन कमिंग फ्रॉम, ट्रेन गोइंग टू. मास्तर घंटीच्या ठोक्यांनी पलीकडच्याला हाक मारतो, पलीकडचा ठोके परत देतो, काटा हलतो आणि दोघांनी आपापली कृती केली तरच इकडे गोळा निसटून हातात पडतो. एकट्याच्या इच्छेने काही होत नाही, त्याचा हुद्दा कितीही वरचा असो. गाडी पलीकडे पोचली, शेवटच्या डब्यावरची खूण मास्तराने डोळ्यांनी पाहिली, गोळा तिकडच्या यंत्रात गेला, की मग दोन्ही दांडे बंदवर येतात. गोळा हरवला तर यंत्र बंदवर येतच नाही. म्हणजे हरवल्याची तक्रार करायची की नाही हा प्रश्न माणसाच्या सचोटीवर सोडलेलाच नाही. शिवाय शेजारच्या तुकड्यांच्या गोळ्यांची घडण वेगळी ठेवतात. एका तुकड्याचा गोळा पुढच्या यंत्रात बसत नाही. मधल्या स्टेशनावर जुना द्यायचा, नवा घ्यायचा.

आणि यंत्रच बिघडलं तर? तर कागदी लाइन क्लिअर, म्हणजे पुढचा तुकडा मोकळा असल्याचा लेखी परवाना, आणि प्रायव्हेट नंबर. या प्रायव्हेट नंबरबद्दल रेल्वेबाहेर फार थोड्यांना माहीत आहे. प्रत्येक मास्तराजवळ छापील तक्ता असतो, त्यात वेडेवाकडे दोन आकडी अंक. फोनवर ‘लाइन क्लिअर दिली’ असं नुसतं म्हणून चालत नाही; तक्त्यातला पुढचा अंक सांगायचा, समोरच्याने तो लिहून घ्यायचा आणि वापरलेला अंक त्या गाडीच्या नावावर खोडून टाकायचा. पुन्हा तो चालत नाही. मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीचं आपल्याला कौतुक वाटतं. मास्तर कित्येक दशकं तेच करत आले, तेही बॅटरीशिवाय.

इथे कॅसलरॉकचं दुसरं अंग सांगायला हवं, कारण हे स्टेशन केवळ घाटमाथा नव्हतं. ती दोन राज्यांची हद्द होती. १८७८ च्या अखेरीस ब्रिटिश आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला, दोन्ही मुलखांमधली जकात उठली आणि मुरगाव बंदरापासून वर येणाऱ्या रेल्वेचा मार्ग मोकळा झाला. १८८८ मध्ये मीटरगेजचे रूळ कॅसलरॉकपर्यंत पोचले. खालची रेल्वे वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज, वरची सदर्न मराठा. १८९२ मध्ये तह संपला, जकात परत आली. पुढची कित्येक वर्षं कॅसलरॉकला ब्रिटिश हद्दीतली झडती आणि कुळेंला पोर्तुगीजांची, असा प्रवाशांचा दुहेरी छळ चालला. गंमत अशी की १९०२ पासून दोन्हीकडची वाहतूक चालवायला सदर्न मराठाच होती. गाडी एक, चालवणारे एक, सिग्नल एक, पण सामानाची पेटी दोनदा उघडायची. कारण कॅसलरॉकच्या नोंदवहीतला शिक्का कुळेंच्या साहेबाला मान्य नव्हता. १९५५ मध्ये भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली तेव्हा हद्द ओलांडणारी गाडीच बंद झाली. रूळ जागेवर होते, घाटही होता, फक्त परस्परांची मान्यता संपली होती. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर ती वाट परत जोडली गेली.

संगणकाच्या जाळ्यात ज्याला डोमेन म्हणतात ते हेच. वेबसाइटचं नाव नव्हे. एका कारभाराखाली असलेले संगणक, ज्यांची माणसांची नोंदवही एकच आणि मध्यवर्ती असते. त्या नोंदवहीत तुमचं नाव असलं की त्या मुलखातला प्रत्येक संगणक तुम्हाला ओळखतो. शेजारच्या मुलखाने ओळखायचं असेल तर दोन नोंदवह्यांमध्ये आधी तह व्हावा लागतो. त्याला इंग्रजीत ट्रस्ट म्हणतात आणि तो मोडला की केबल शाबूत असूनही कुणी आत जाऊ शकत नाही.

या मुलखांची पहिली नीट व्यवस्था बॉस्टनजवळच्या एमआयटी विद्यापीठात झाली. १९८३ मध्ये तिथे अथीना प्रकल्प सुरू झाला: विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठभर संगणक, कुठल्याही टेबलावर बसा, तुमचं काम तिथे हजर. मग प्रत्येक यंत्राला पासवर्ड सांगत फिरायचं का? त्यावर केर्बेरॉस निघालं. नीडहॅम आणि श्रोडर यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या पद्धतीवर ते उभं आहे. सकाळी एकदा ओळख पटवा, तुम्हाला एक मूळ तिकीट मिळेल, ते दाखवून छपाईयंत्रासाठी वेगळं, फाइलींसाठी वेगळं, अशी छोटी तिकिटं घ्या, प्रत्येकाला मुदत. काठीला जडवलेली किल्ली आणि कुलूपबंद पेटी आठवते ना? केर्बेरॉसला घड्याळंही जुळलेली लागतात. विंडोजच्या डोमेनमध्ये पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की ते तिकीट नाकारतं. हा फटका ज्यांना बसला आहे त्यांना रेल्वेने गावोगावच्या वेळा बाजूला सारून आधी मद्रासची आणि पुढे भारतीय प्रमाणवेळ का लावून धरली हे वेगळं समजावावं लागणार नाही. २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्ह डिरेक्टरी आणली ती याच केर्बेरॉसवर, आणि आज बहुतेक बँका, सरकारी खाती, कारखाने यांचे मुलूख तिच्यावर चालतात.

पण केर्बेरॉसलाही एक मर्यादा होती: तिकिटं देणाऱ्या मध्यवर्ती पेढीला सगळ्यांची गुपितं ठाऊक असावी लागतात. गुपित दोघांना ठाऊक नसताना ओळख कशी पटवायची, याचं उत्तर दुसऱ्याच वाटेने आलं. ब्रिटनच्या गुप्तवार्ता खात्यात जेम्स एलिस याला १९७० मध्ये आणि क्लिफर्ड कॉक्सला १९७३ मध्ये ते सापडलं होतं, पण खात्याने ते १९९७ पर्यंत जगाला सांगितलं नाही. उघडपणे ते मांडलं डिफी आणि हेलमन यांनी १९७६ मध्ये. पुढच्या वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांनी त्याला चालतं रूप दिलं. किल्ली जोडीने बनवायची. एक खाजगी, ती कुणाला द्यायची नाही. दुसरी जाहीर, ती चव्हाट्यावर टांगली तरी चालते. खाजगी किल्लीने केलेली सही जाहीर किल्लीने तपासता येते. जाहीर किल्लीवरून खाजगी मात्र काढता येत नाही. रेल्वेला हे कधीच जमलं नव्हतं. गोळा ड्रायव्हरला द्यावाच लागे, तिकीट हातातून हातात जाईच. आपल्याजवळ वस्तू आहे हे ती न देता, न दाखवता सिद्ध करणं, ही विसाव्या शतकाने या वंशात घातलेली खरी भर.

ती लगेच वापरात आली असं समजू नका. जवळजवळ दोन दशकं जग टेलनेटवर खूष होतं. टेलनेटने दूरच्या संगणकात शिरताना पासवर्ड तारेवरून उघडा, अक्षर न अक्षर जात असे. वाटेत कान लावून बसलेल्याला तो आयता मिळे. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात नेमकं असंच कुणी कान लावलं आणि पासवर्ड गोळा केले. तिथला संशोधक तातू युलोनेन याने त्या वसंतात एसएसएच लिहिलं आणि जुलैमध्ये मोफत वाटलं. टेलनेटचं दार २३ क्रमांकाचं, फाइली हलवणाऱ्या एफटीपीचं २१. मधला २२ मोकळा होता, तो त्याने मागून घेतला. वर्ष संपायच्या आत वीस हजारांच्या आसपास लोक ते वापरत होते. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. आपण दार उघडलं आणि कुलूप त्याच महिन्यांत जगात आलं, हा योगायोग. ओपनबीएसडीच्या मंडळींनी १९९९ मध्ये काढलेलं ओपनएसएसएच आज जवळपास सगळीकडे चालतं. २०१८ पासून ते विंडोजबरोबरही येतं.

किल्ली लावायची रीत तशी अवघड नाही. आपल्या यंत्रावर किल्ल्यांची जोडी बनवायची, हल्ली त्यासाठी ईडी२५५१९ ही जात घ्यावी. खाजगी किल्लीवर परवलीचा शब्द घालायचा. जाहीर किल्लीची एक ओळ सर्व्हरवर आपल्या खात्यातल्या ‘ऑथोराइज्ड कीज’ या फाइलमध्ये ठेवायची. शिरताना आधी दोन्ही टोकं मिळून त्या बैठकीपुरतं गुपित तयार करतात, सर्व्हर आपली ओळख देतो, मग तुमचं यंत्र त्या बैठकीच्या खुणेसकट सही करतं. ती सही दुसऱ्या बैठकीला चालत नाही, खोडलेल्या प्रायव्हेट नंबरासारखी. किल्लीने शिरता येतं याची खात्री झाली की पासवर्डचं दार बंद करायचं. ही शेवटची पायरी लोक विसरतात आणि बाकीची मेहनत पाण्यात जाते.

डोमेनमध्ये आलात की मात्र दोन ठिकाणी ठेच लागते. विंडोजच्या सर्व्हरवर ज्याच्याकडे व्यवस्थापकाचे अधिकार आहेत त्याची किल्ली त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये शोधलीच जात नाही. सगळ्या व्यवस्थापकांची मिळून एक वेगळी सामाईक फाइल असते आणि तिच्यावर इतर कुणाला हक्क दिलेले असले तर सर्व्हर ती झिडकारतो. दुसरी ठेच जास्त गोंधळात टाकणारी. किल्लीने तुम्ही सर्व्हरमध्ये शिरता, सगळं ठीक दिसतं आणि तिथून शेजारच्या सर्व्हरवरच्या सामाईक फाइली उघडायला गेलात की नकार येतो. कारण किल्लीने तुमची ओळख त्या एका यंत्राला पटली. डोमेनच्या पेढीकडून केर्बेरॉसचं तिकीट तुम्हाला मिळालेलंच नाही. एका तुकड्याचा गोळा पुढच्या तुकड्यात चालत नाही. पुढे जायचं असेल तर एसएसएचला केर्बेरॉसच्या तिकिटावर आत घ्यायला आणि ते तिकीट पुढे न्यायला सांगावं लागतं. तशी सोय २००६ पासून प्रमाणित आहे. पण कुठल्या सर्व्हरला तिकीट पुढे नेऊ द्यायचं हे विचार करून ठरवावं. सरसकट परवानगी दिली की एक सर्व्हर फोडणारा तुमच्या नावाने सगळीकडे फिरतो.

आता माझं भांडण. गणितात आपण मास्तरांच्या कितीतरी पुढे गेलो. हिशेबात मागे पडलो. गोळ्यांची मोजदाद असते. एका दिशेने जास्त गाड्या गेल्या की एका यंत्रात गोळे साठतात, दुसरं रिकामं होतं. मग सिग्नल खात्याचा माणूस लेखी अधिकाराने ते उचलून परत वाटून ठेवतो आणि दोन्ही स्टेशनांच्या वहीत त्याची नोंद होते. आपल्या सर्व्हरवरच्या किल्ल्यांचं काय? तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्याची ओळ फाइलमध्ये तशीच असते. डोमेनच्या नोंदवहीत त्याचं खातं बंद केलं म्हणून सगळे निर्धास्त असतात. पण सर्व्हर ती नोंदवही विचारत नसेल, किंवा ती किल्ली सामाईक खात्यावर घातलेली असेल, तर दार उघडंच. म्हणून मोठ्या जाळ्यांत किल्ल्या सर्व्हरवर विखरून न ठेवता मध्यवर्ती नोंदवहीतच ठेवणं किंवा थोड्या तासांची मुदत असलेली प्रमाणपत्रं देणं मला जास्त पटतं. दुसरी वाट ओपनएसएसएचमध्ये २०१० पासून आहे.

आणखी एक आळस. पहिल्यांदा एखाद्या सर्व्हरशी जोडताना पडद्यावर त्याच्या किल्लीचा ठसा येतो आणि हाच सर्व्हर का, असं विचारलं जातं. शंभरातले किती जण तो ठसा पडताळतात, आणि किती जण डोळे झाकून ‘यस’ टंकतात, हे तुम्हीच सांगा. थॉर्पच्या तारमास्तरानेही सहीची वाट पाहिली नव्हती.

तेव्हा तुमच्या कचेरीत असे सर्व्हर असतील तर एवढं करा. नवा सर्व्हर आला की पलीकडच्या माणसाला फोन लावून ठसा मोठ्याने वाचून घ्या. आणि या आठवड्यात ऑथोराइज्ड कीजच्या फाइली उघडा. ज्या ओळीपुढे कुणाचं नाव आणि कशासाठी हे सांगता येत नाही, ती ओळ काढून टाका. ज्याची खरंच असेल तो फोन करील.